अडुसष्ट, पंच्याण्णव आणि उरलेले

१८१७ साली एडिंबरोहून निघणाऱ्या एका वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडच्या स्थानिक मिलिशियातल्या शिपायांची मापं छापून आली. सैन्याला माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने ती दिली होती. कुठल्या पलटणीत किती उंचीचे आणि किती इंच छातीचे किती जण, एवढाच मजकूर. कपडे बेतायला उपयोगी, वाचायला कंटाळवाणा. तो तक्ता तिथेच धूळ खात पडला असता. पण तीसेक वर्षांनी आडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने तो उकरून काढला आणि १८४६ च्या आपल्या पुस्तकात वापरला. तेव्हापासून या शिपायांच्या छात्या संख्याशास्त्रात अजरामर झाल्या आहेत.

केटलेने सगळ्या पलटणी एकत्र केल्यावर ५,७३८ शिपाई भरले. (आकडे उतरवून घेताना त्याच्याकडून काही चुका झाल्या हे पुढे उघडकीला आलं. चित्र त्याने बदलत नाही, म्हणून आपण त्याचेच आकडे घेऊ.) ३३ इंच छातीचे फक्त ३ जण. ३४ चे १८, ३५ चे ८१, ३६ चे १८५, ३७ चे ४२०, ३८ चे ७४९, ३९ चे १,०७३ आणि ४० चे १,०७९. इथे शिखर. मग उतार लागतो. ४१ चे ९३४, ४२ चे ६५८, ४३ चे ३७०, ४४ चे ९२, ४५ चे ५०, ४६ चे २१, ४७ चे ४ आणि ४८ इंचांचा एकच भरभक्कम गडी.

आलेखाच्या कागदावर या आकड्यांचे स्तंभ काढून त्यांची टोकं जोडली, तर देवळातली घंटा टांगावी तसा आकार दिसतो. मध्ये फुगीर, दोन्ही बाजूंना जवळपास सारखा उतरलेला, कडेला पसरट. संख्याशास्त्र याला घंटाकृती वितरण म्हणतं. ते दोनच संख्यांत पकडता येतं. पहिली सरासरी, इथे ती ३९.८३ इंच. दुसरी पसाऱ्याची. प्रत्येक शिपाई सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची सरासरी काढायची आणि शेवटी तिचं वर्गमूळ घ्यायचं. जे येतं ते प्रमाण विचलन. या शिपायांचं प्रमाण विचलन २.०५ इंच आहे.

आता नियम. आकडे घंटेच्या आकारात पसरले असतील तर सरासरीच्या अलीकडे-पलीकडे एकेक प्रमाण विचलन मोजावं. मधल्या पट्ट्यात सुमारे ६८ टक्के आकडे सापडतात. दोन-दोन मोजली तर ९५ टक्के. तीन-तीन मोजली तर ९९.७ टक्के. पाठ्यपुस्तकं याला अनुभवजन्य नियम म्हणतात. तीन आकडे पाठ केले की झालं, असं विद्यार्थ्यांना वाटतं, आणि परीक्षेपुरतं ते खरंही असतं. पण नियम कुठे पक्का आहे आणि कुठे कच्चा, हे तो खऱ्या आकड्यांवर चालवल्याशिवाय कळत नाही. म्हणून हे शिपाई.

३९.८३ मधून २.०५ वजा केले तर ३७.७८, मिळवले तर ४१.८८. मापं पूर्ण इंचांत असल्यामुळे या पट्ट्यात ३८, ३९, ४० आणि ४१ इंचवाले येतात. त्यांची बेरीज ३,८३५, म्हणजे ६६.८ टक्के. दोन विचलनांचा पट्टा ३५.७३ पासून ४३.९३ पर्यंत, त्यात ३६ ते ४३ इंचवाले ५,४६८, म्हणजे ९५.३ टक्के. तीन विचलनांचा पट्टा ३३.६८ ते ४५.९८, त्यात ५,७०९, म्हणजे ९९.५ टक्के. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कुणीतरी फीत धरून घेतलेली मापं आणि गणितातून आलेला नियम यांचं इतकं जुळावं, हे पहिल्यांदा पाहताना थोडं विचित्रच वाटतं.

६८ च्या जागी ६६.८ का, असं एखादा विचारेल. दोष बराचसा फितीचा आहे. ३८ लिहिलेला शिपाई प्रत्यक्षात साडेसदतीस ते साडेअडतीस इंचांच्या मधला कुठलाही असू शकतो. म्हणजे आपण ३८ ते ४१ असे चार स्तंभ उचलले तेव्हा खरं तर ३७.५ ते ४१.५ हा पट्टा उचलला. आपल्याला हवा होता त्यापेक्षा तो थोडा डावीकडे सरकलेला आणि किंचित अरुंद आहे. घंटेच्या गणितानुसार या सरकलेल्या पट्ट्यात साडेसहासष्ट टक्के यायला हवेत. आले ६६.८. तेव्हा मधल्या भागाबद्दल तक्रारीला जागा नाही.

कडेला मात्र थांबून पाहावं लागतं. तीन विचलनांच्या बाहेर नियमाप्रमाणे हजारी तीनहून थोडे कमी, म्हणजे ५,७३८ पैकी पंधरा-सोळा शिपाई असायला हवे होते. आहेत २९. जवळपास दुप्पट. टक्क्यांत मांडलं तर ९९.७ आणि ९९.५ यांतला फरक कुणाच्या डोळ्यांतही भरत नाही. पण बाहेर उरलेल्यांची डोकी मोजली की तोच फरक दुपटीचा होतो. या प्रकरणातली माझी मुख्य गोष्ट इथेच आहे. नियम मध्यभागी भरवशाचा आहे आणि कडेकडे जाऊ तसा कच्चा होतो. आपण मात्र तो बहुतेक वेळा कडेसाठीच वापरतो, कारण कुतूहल, भीती आणि पैसा या तिन्ही गोष्टी कडेलाच असतात. ४० इंचवाल्या शिपायाचं कुणाला काय पडलंय?

केटलेला मात्र त्याचंच पडलं होतं. वेधशाळेत एकाच ताऱ्याची जागा पुन्हा पुन्हा मोजली तर मोजमापातल्या चुका घंटेच्या आकारात पसरतात, हे त्याला ठाऊक होतं. शिपायांच्या छात्या तशाच पसरलेल्या पाहून त्याने निष्कर्ष काढला की निसर्गापुढे एक आदर्श ‘सरासरी माणूस’ आहे आणि आपण सगळे त्याच्या कमी-अधिक चुकलेल्या नकला आहोत. विचार देखणा आहे आणि चुकीचा आहे. ताऱ्याची खरी जागा एकच असते. छातीचं खरं माप असं काही नसतं. ४८ इंचांचा तो गडी कुणाची चूक नव्हता.

घंटा येते कुठून, याचं उत्तर केटलेच्या शंभरेक वर्षं आधीच मिळालं होतं. फ्रान्समधल्या धार्मिक छळातून निसटून लंडनमध्ये स्थायिक झालेला आब्राहम द म्वाव्र शिकवण्या करून पोट भरत असे. १७३३ मध्ये त्याने एक छोटं टिपण छापलं, नाणेफेकीसारख्या खेळांत छाप्यांची संख्या सरासरीच्या किती जवळपास राहील याबद्दल. आज आपण ज्याला एक प्रमाण विचलन म्हणतो तेवढ्या अंतरासाठी त्याचं उत्तर होतं ०.६८२६८८. प्रमाण विचलन हे नाव कार्ल पिअर्सनने १८९० च्या दशकात रूढ केलं. म्हणजे ६८ चा आकडा त्या नावाहून दीडशे वर्षांनी थोरला. नाणं शंभर वेळा उडवलं तर छाप्यांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन ५ येतं. म्हणून शंभरच्या वीस फेऱ्या केल्या तर सुमारे एकोणीस फेऱ्यांत छापे ४० ते ६० च्या दरम्यान पडावेत. घरात उत्साही मूल असेल तर एका सुट्टीत हे तपासून होईल. कारण साधं आहे. पुष्कळ छोट्या, एकमेकांवर न अवलंबणाऱ्या गोष्टींची बेरीज झाली की घंटा तयार होते. उंची, छाती अशा गोष्टींत अनेक जनुकं, आईचं पोषण, लहानपणचे आजार, जेवणखाण हे सगळं थोडं थोडं मिसळतं. बेरीज नसेल, एकच कारण दांडगाई करत असेल, तर घंटेची हमी नाही.

हा नियम रोज कामाला लावणारी एक जागा आपल्या गावागावांत आहे. अंगणवाडीत बाळाचं वजन केलं की सेविका वृद्धी आलेखावर ठिपका मांडते. आलेखाचा पट्टा हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली नारिंगी. मुलींचा आलेख वेगळा, मुलांचा वेगळा. पिवळा पट्टा सुरू होतो तिथे सरासरीच्या खाली दोन प्रमाण विचलनं झालेली असतात. नारिंगी सुरू होतो तिथे तीन. हे आलेख जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेल्या मानकांवरून केले आहेत, आणि त्या मानकांसाठी ज्या सहा देशांतल्या मुलांची मापं घेतली त्यांत भारतही होता. इथली मापं दिल्लीत घेतली गेली. निवडलेली मुलं चांगलं खायलाप्यायला मिळणारी, अंगावर पिणारी, घरात धूम्रपान न करणाऱ्या आयांची होती. जाणूनबुजून. मूल कसं आहे यापेक्षा मूल कसं वाढू शकतं हे मोजायचं होतं.

मानकांप्रमाणे दोन वर्षांच्या मुलाची मधली उंची ८७.१ सेंटिमीटर. दोन विचलनं खाली ८१.०, दोन विचलनं वर ९३.२. दोन्हीकडे अंतर सहाच्या आसपास. उंचीची घंटा समतोल आहे. वजनाची नाही. त्याच वयाच्या मुलाचं मधलं वजन १२.२ किलो, खालची रेघ ९.७ वर आणि वरची १५.३ वर. खाली अडीच किलो, वर तीन किलोंहून अधिक. वजनाला खाली मर्यादा असते, वर तेवढी नसते, म्हणून घंटा उजवीकडे ओघळते. मानकं तयार करणाऱ्यांनी ती आधी गणिताने सरळ करून घेतली आणि मगच रेघा मारल्या. आंधळेपणाने सरासरीतून विचलन वजा करत गेले असते तर पिवळी रेघ चुकीच्या जागी पडली असती आणि तिच्यावर अवलंबून असलेला पोषण आहारही चुकीच्या घरी गेला असता.

आता नियमाचा खरा उपयोग. दोन विचलनांच्या आत ९५ टक्के, अधिक काटेकोरपणे ९५.४५ टक्के. बाहेर उरतात साडेचार. त्यांतले निम्मे वरचे, निम्मे खालचे. म्हणजे सगळ्या मुलांना नीट खायला-प्यायला मिळतं अशा गावातही शंभरात दोन-सव्वादोन मुलं उंचीच्या खालच्या रेघेखाली असणारच. त्यांत काळजीचं कारण असेलच असं नाही. आईबापच बुटके असतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं या रेघेखाली होती.

सव्वादोनच्या जागी पस्तीस. हा आकडा वाचून बहुतेकांच्या मनात येतं की पस्तीस टक्के मुलं कुपोषित आहेत आणि पासष्ट टक्के ठीक आहेत. घंटा वेगळं सांगते. पसारा तेवढाच राहिला असं धरलं, तर खालच्या रेघेखाली पस्तीस टक्के येण्यासाठी आख्खी घंटाच सुमारे १.६ विचलनं डावीकडे सरकायला हवी. म्हणजे मधोमध असलेलं, कुणाच्याही यादीत नसलेलं, आलेखावर हिरव्यात दिसणारं मूलसुद्धा जितकं वाढू शकलं असतं त्याहून दोन वर्षांच्या वयात पाचेक सेंटिमीटर कमी आहे. रेघेखालच्या मुलांना शोधून त्यांना वेगळा आहार देणं गरजेचंच आहे. पण सरकलेली घंटा तेवढ्याने परत येत नाही. ती सरकते त्यामागे सगळ्या गावाला लागू होणारी कारणं असतात. पाणी, शौचालयं, आईचं लग्नाचं वय, गरोदरपणातलं जेवण. नियमाचा हा उपयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि गंमत म्हणजे इथे टोकाची टक्केवारी हाताशी धरून आपण मध्यभागाबद्दल बोललो.

पावसाकडे वळू. भारताच्या जून ते सप्टेंबर या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी सध्या ८७ सेंटिमीटर धरली जाते आणि तिचं प्रमाण विचलन सरासरीच्या साधारण दहा टक्के आहे. त्यामुळे नियम वापरायला तोंडी हिशेब पुरतो. ९० ते ११० टक्के पाऊस हा एक विचलनाचा पट्टा. शंभरातली अडुसष्ट वर्षं तिथे. उरलेल्या बत्तिसांतली निम्मी, म्हणजे सोळा, नव्वदच्या खाली. सहा वर्षांत साधारण एक वर्ष कमी पावसाचं, हा अंदाज कुठल्याही ज्योतिषाविना करता येतो. दोन विचलनांच्या खाली, म्हणजे सरासरीच्या ८० टक्क्यांहून कमी पाऊस, शंभरात सव्वादोन वेळा. १९०१ ते २०२० या एकशेवीस वर्षांत अशी दोन-तीन वर्षं यायला हवीत. आली ती १९१८, १९७२ आणि २००९. तिसरं ७८ टक्क्यांचं. बहात्तरचा दुष्काळ महाराष्ट्राच्या म्हाताऱ्यांना सांगावा लागत नाही. सुकडी आणि खडी फोडण्याची कामं लोकांच्या बोलण्यात अजून आहेत.

पण हा नियम वर्षांची क्रमवारी पाहत नाही. त्याच्या दृष्टीने सगळी वर्षं एका पिशवीत घालून हलवलेली आहेत. २०१४ मध्ये देशात ८८ टक्के पाऊस झाला, २०१५ मध्ये ८६ टक्के. दोन्ही वर्षं वेगवेगळी पाहिली तर दीड विचलनाच्या आतली, अगदी दुर्मीळ नव्हेत. लागोपाठ आली म्हणून २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. धरण सलग दोन वर्षं भरलं नाही याची नोंद सरासरीत नसते आणि प्रमाण विचलनातही नसते. शिवाय हे आकडे आख्ख्या देशाचे आहेत. देशभर टंचाई बेताची असताना मराठवाड्यात ती भयंकर असू शकते.

देशाचा हंगामी पाऊस घंटेत बसतो, कारण तो हजारो ठिकाणच्या, चार महिन्यांच्या पावसाची बेरीज आहे. एका ठिकाणचा एका दिवसाचा पाऊस घंटेच्या जवळपासही येत नाही. वर्षातले बहुतेक दिवस शून्य मिलिमीटर, काही दिवस पाच-दहा, मोजके शंभर. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही नाही. रोजच्या पावसाची सरासरी आणि प्रमाण विचलन काढायला कॅल्क्युलेटर ना म्हणत नाही. पण विचलन सरासरीहून मोठं येतं, आणि सरासरीतून ते वजा केलं की पाऊस ऋण होतो. ही एक सोपी पारख आहे. जी गोष्ट शून्याखाली जाऊच शकत नाही तिच्या सरासरीतून दोन विचलनं वजा केल्यावर उत्तर शून्याखाली गेलं, तर तिथे घंटा नाही आणि ६८-९५ चं काही कामही नाही. पगार, जमिनीची धारणा, दवाखान्यातलं बिल, शहरांची लोकसंख्या या सगळ्यांना ही पारख लावून पाहावी.

मग अशा आकड्यांबद्दल काहीच बोलता येत नाही का? येतं, पण कमी. पाफ्नूती चेबिशेव या रशियन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत सांगतो की आकार कसाही असो, दोन विचलनांच्या आत निदान ७५ टक्के आकडे असतातच आणि तीनच्या आत निदान ८९ टक्के असतात. ९९.७ आणि ८९ यांतलं अंतर ही घंटेच्या आकाराची किंमत. ती आपण न विचारता गृहीत धरली की बिल नंतर येतं. ऑगस्ट २००७ मध्ये जागतिक बाजार गडगडले तेव्हा गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेच्या वित्तप्रमुखाने सांगितलं होतं की पंचवीस प्रमाण विचलनांइतकी उलथापालथ आम्ही लागोपाठ अनेक दिवस पाहतो आहोत. खऱ्या घंटेत पंचवीस विचलनांवरची घटना विश्वाच्या आजवरच्या वयात एकदाही घडू नये. ती आठवड्यात अनेकदा घडत असेल तर दुर्दैव वगैरे काही नाही; त्या आकड्यांना कधी घंटा नव्हतीच.

याउलट कारखान्यातल्या माणसांनी हा नियम जास्त शहाणपणाने वापरला. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर श्यूहार्टने १९२४ च्या मे महिन्यात वरिष्ठांना एक टिपण पाठवलं, त्यात एक आलेख होता. मध्ये सरासरीची रेघ. वर आणि खाली मर्यादांच्या दोन रेघा, ज्या पुढे तीन विचलनांवर स्थिरावल्या. यंत्रातून निघणाऱ्या सुट्या भागांचं माप दर थोड्या वेळाने या आलेखावर मांडायचं. श्यूहार्ट पुढे, १९४७-४८ मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत येऊन गेला आणि हे तंत्र इथल्या कारखान्यांत रुजायला मदत झाली. तीनच विचलनं का, याचं त्याचं उत्तर ९९.७ हे नव्हतं. मापं घंटेत बसतीलच असा त्याचा आग्रह नव्हता. रेघा फार जवळ आणल्या तर लोक विनाकारण यंत्र थांबवत बसतील, फार लांब नेल्या तर बिघडलेला माल निघत राहील. तीनवर दोन्ही नुकसानं बेताची राहतात, असा त्याचा व्यवहारी हिशेब होता. रेघेबाहेर ठिपका पडला की टक्केवारी काढत बसायचं नाही. पाळीवरच्या माणसाने यंत्र थांबवायचं, कापणारं पातं झिजलं का पाहायचं, आज सकाळी लोखंडाचा नवा माल आला का ते विचारायचं.